प्रोग्रेसिव्ह रॉक: माझे लाडके अल्बम आणि मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नक्की काय?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं पडायला लागलं. रॉकचा दणका त्यांना हवाच होता. शिवाय पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली मोठी बांधणी, जॅझमधली मोकळीक आणि इंग्रजी लोकगीतांच्या चालीही हव्या होत्या. हे सगळं एकत्र आलं आणि त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक नाव पडलं. आम्ही मंडळी नुसतं ‘प्रॉग’ म्हणतो. १९६९ ते १९७५ हा त्याचा ऐन बहराचा काळ. किंग क्रिम्झन, यस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल, कॅमल, जेंटल जायंट ही त्यातली मोठी नावं.

ही व्याख्या कुठेही मिळेल. माझी कसोटी वेगळी आहे. एखादी सुरावट घरातून निघते, खूप लांब जाते, वाट चुकल्यासारखी होते आणि शेवटी परत येते. सूर तेच असतात, पण मधला प्रवास ऐकलेला असल्यामुळे ते आता वेगळे लागतात. हे परत येणं ज्या अल्बममध्ये मनापासून साधलंय, ते माझे लाडके. पुढे प्रत्येक उत्तरात मी याच गोष्टीवर येणार आहे.

मग यातला सगळ्यात लाडका कोणता?

किंग क्रिम्झनचा ‘रेड’, १९७४. आणि त्यातलं शेवटचं गाणं, ‘स्टारलेस’.

हे गाणं बारा मिनिटांचं आहे. सुरुवातीला मेलोट्रॉनचा गडद पडदा आणि त्यावर रॉबर्ट फ्रिपची गिटार एक संथ, उदास सुरावट वाजवते. मग जॉन वेटन गातो. साडेचार मिनिटांच्या आसपास गाणं संपल्यासारखं वाटतं आणि खाली बेसवर तेरा मात्रांचं एक आवर्तन सुरू होतं. त्यावर फ्रिप एकच सूर वाजवत राहतो. तोच सूर, पुन्हा पुन्हा. बऱ्याच वेळाने किंचित वर सरकतो, पुन्हा तिथे थांबतो. बिल ब्रुफर्ड आधी इकडे एक टकटक, तिकडे एक ठोका असं करत हळूहळू जागा भरत आणतो. चार-साडेचार मिनिटं हा ताण चढत राहतो. तुम्ही खुर्चीत पुढे सरकून बसलेले असता आणि ते तुमच्या लक्षातही आलेलं नसतं. मग सगळं फुटतं, लय दुप्पट होते, सॅक्सोफोन घुसतो. आणि या गदारोळाच्या टोकाला सुरुवातीची ती उदास सुरावट परत येते, या वेळी पूर्ण ताकदीनिशी. पहिल्यांदा ती ऐकताना वाईट वाटलं होतं. आता ऐकताना काय वाटतं त्याला माझ्याकडे शब्द नाही. गेली तीस वर्षं तो शब्द शोधतोय.

अल्बम बाजारात यायच्या थोडंच आधी फ्रिपने बँड मोडला. मुखपृष्ठावर तिघांचे चेहरे आहेत, अर्धे अंधारात. ज्या दिवशी रेकॉर्ड दुकानात आली, त्या दिवशी हा बँड अस्तित्वातच नव्हता. हे माहीत झाल्यावर ‘स्टारलेस’चा शेवट मला निरोपासारखाच ऐकू येतो.

हे संगीत तुमच्यापर्यंत पोचलं कसं?

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधून. माझा आतेभाऊ मस्कतला नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना कॅसेट भरून आणायचा. त्यातल्या एकीच्या कागदावर बॉलपेनने एका बाजूला ‘रेड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘क्लोज टू द एज’ एवढंच लिहिलं होतं. दोन्ही अल्बम चाळीस मिनिटांच्या आतबाहेर, त्यामुळे कॅसेटच्या एकेका बाजूवर अख्खा अल्बम बसला होता आणि शेवटी थोडी कोरी फीत उरली होती.

एकदा टेपरेकॉर्डरने ती फीत खाल्ली. चुरगळलेला तुकडा कापून, टोकं सेलोटेपने जोडून मी ती वाचवली, पण काही सेकंद गेले. फीत दोन्ही बाजूंनी वाजते, म्हणजे एका कापणीत दोन गाणी जखमी झाली. ‘स्टारलेस’मध्ये त्या एका सुराच्या भागात उडी बसली आणि उलट्या बाजूला ‘क्लोज टू द एज’मध्ये ऐन चर्च ऑर्गनच्या तोंडाशी. पुढे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून दोन्हींच्या सीडी घेतल्या, तेव्हा ते सेकंद पुन्हा भेटले. आजही त्या दोन जागा जवळ आल्या की माझा श्वास अडकतो. (ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. त्या भागातून जाताना अजून पाय तिकडे वळतात.)

कागदावर वादकांची नावं नव्हती. दोन्ही बाजूंवर ड्रम वाजवणारा माणूस एकच, बिल ब्रुफर्ड, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. ‘क्लोज टू द एज’ रेकॉर्ड झाल्यावर, बँड ऐन भरात असताना, तो यस सोडून क्रिम्झनमध्ये गेला. १९७६ च्या दौऱ्यात तो जेनेसिसबरोबरही वाजवत होता. स्नेअर ड्रमवरचा त्याचा तो टणत्कार एकदा ओळखीचा झाला की कुठेही ओळखता येतो.

‘रेड’ कशाला, क्रिम्झनचा पहिला अल्बमच श्रेष्ठ नाही का?

‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ ऑक्टोबर १९६९ मध्ये आला आणि प्रॉगची वाट त्यानेच आखली, याबद्दल माझा वाद नाही. त्याआधी ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या मोफत कार्यक्रमात, प्रचंड गर्दीपुढे या नवख्या बँडने वाजवलं होतं. मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा लाल चेहरा बॅरी गॉडबर या तरुणाने रंगवला. तो संगणकाचं काम करायचा आणि अल्बम आल्यावर काही महिन्यांतच, चोविसाव्या वर्षी, वारला. ते चित्र हातात घेतलं की मला हे आठवतंच.

‘एपिटाफ’ आणि शीर्षकगीत मी कितीही वेळा ऐकेन. ‘मूनचाइल्ड’चा उत्तरार्ध मात्र मला आजही लांबलेला वाटतो. ‘रेड’मध्ये मला असं कुठे वाटत नाही.

हे मेलोट्रॉन मेलोट्रॉन म्हणता, ते काय असतं?

दिसायला पेटी-ऑर्गनसारखं, त्या काळी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला बनणारं वाद्य. आत प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गाणाऱ्या समूहाचा एकेक सूर ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते. साधारण आठ सेकंदांनी ती संपते आणि आवाज थांबतो, मग बोट उचलून पुन्हा दाबायचं. म्हणून मेलोट्रॉनवरचे स्वर असे एकामागून एक लाटेसारखे येतात. फिती थोड्या थरथरतात, सूर किंचित हलतो. त्या हलण्यातच त्याचं दुःख आहे असं मला वाटतं. आजच्या स्वच्छ कीबोर्डवर ते येत नाही.

गाणी एवढी लांब का असतात?

एक कारण अगदी व्यवहारी आहे. एलपी रेकॉर्डच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात वीस-बावीस मिनिटं बसतात. मग या मंडळींनी अख्खी बाजू हेच एक गाणं मानलं. यसचं ‘क्लोज टू द एज’ साडेअठरा मिनिटं, जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ आणि पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’ तेवीसच्या घरात, कॅराव्हॅनचं ‘नाइन फीट अंडरग्राउंड’ बावीसच्या पुढे. जेथ्रो टलने १९७२ मध्ये ‘थिक ॲज अ ब्रिक’ काढला, तो तर दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. मध्ये उठून रेकॉर्ड उलटायची आणि पुन्हा बसायचं. त्याचं वेष्टनही बारा पानांचं वर्तमानपत्र होतं, बातम्या-शब्दकोड्यांसकट. त्रेचाळीस मिनिटांनी इअन अँडरसन सुरुवातीच्याच भागातल्या एका ओळीवर येऊन थांबतो. परत येण्याची इतकी मोठी फेरी दुसऱ्या कुणी मारलेली मला ठाऊक नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे आवडेल का?

माझे बाबा ख्याल ऐकणारे. कुमार गंधर्वांच्या कॅसेट त्यांनी स्वतःच्या हाताने तारखा घालून लावलेल्या असायच्या. मी रॉक लावला की ते गॅलरीत जाऊन बसत. एका रविवारी मी ‘स्टारलेस’ लावलं होतं. तो एका सुराचा भाग सुरू झाला आणि बाबा पेपर हातात घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, ‘अरे, किती वेळ एकच सूर लावून धरलाय याने.’ मला वाटलं बंद करायला सांगतायत. पण ते तिथेच उभे राहिले, पुढचा गोंगाट कपाळाला आठ्या घालून सोसला, आणि शेवटी सुरावट परत आली तेव्हा पेपर बगलेत धरून मोकळ्या हाताने दाराच्या चौकटीवर अलगद एक थाप दिली. नंतर म्हणाले, ‘मुखडा बराच उशिरा घेतला.’

हे दोन्ही संगीतप्रकार सारखे आहेत असं मी म्हणणार नाही. प्रॉगमध्ये बहुतेक सगळं आधी लिहून, बसवून घेतलेलं असतं, ख्यालात ते समोर घडतं. पण वाट पाहायची ज्यांना सवय आहे, त्या कानांना प्रॉग लवकर भिडतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

मात्रा मोजत ऐकावं लागतं का?

मुळीच नाही. पण मोजता आल्या तर मजा वाढते. जेनेसिसच्या ‘द सिनेमा शो’चा उत्तरार्ध सात मात्रांचा आहे. रूपक तालाची सवय असलेल्याने तो मांडीवर धरून पाहावा. टोनी बँक्स कीबोर्डवर इतका सहज वाहत जातो की ही सम-विषमाची कसरत आहे हे विसरायला होतं.

जेनेसिसचा कोणता अल्बम?

‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’, १९७३. पीटर गॅब्रिएल तेव्हा अजून बँडमध्ये होता आणि फिल कॉलिन्स मुख्यतः ड्रमवर. यातलं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ हे मी कुणाही अनोळखी माणसाला ऐकवतो. आधी बँक्सचा एकट्याचा पियानो, सारख्या बदलत्या मात्रांमध्ये धावणारा. गाणं होतं, मग गॅब्रिएल बासरीवर एक छोटी सुरावट वाजवतो, इतकी साधी की नीट लक्षही जात नाही. थोड्या वेळाने तीच सुरावट स्टीव्ह हॅकेट गिटारवर घेतो. एकेक सूर तो इतका लांबवतो की तार दाबलेली आहे की कुणी श्वास धरलाय ते कळू नये. बासरीवर जे बीज होतं त्याचं झाड झालेलं असतं.

आणि अल्बमच्या अगदी शेवटी, ‘आइल ऑफ प्लेंटी’ या दीड मिनिटाच्या तुकड्यात, पहिल्या गाण्याची चाल हळूच परत येते. ‘द सिनेमा शो’ संपताना लोक उठतात आणि हा तुकडा हुकतो. कृपा करून उठू नका.

यसचा आणि आपल्याकडच्या ग्रंथांचा काही संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, एकदा नाही, दोनदा.

‘क्लोज टू द एज’च्या मागे हरमान हेस्से यांची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी आहे. यसचा गायक जॉन अँडरसन याने ती वाचली होती. नदीकाठी येऊन नदीचं ऐकायला शिकलेला माणूस त्या गाण्यात आहे. गाणं सुरू होतं पाण्याच्या खळखळाटाने आणि पक्ष्यांच्या आवाजांनी, मग सगळी वाद्यं एकमेकांवर आदळतात. मध्ये सारं निवतं आणि रिक वेकमनचा चर्च ऑर्गन उभा राहतो. तो ऑर्गन लंडनच्या एका खऱ्या चर्चमधला आहे. शेवटी पुन्हा तेच पाणी, तेच पक्षी. इतकं वादळ होऊन गेल्यावर नदी तिथेच असते.

दुसरी गोष्ट ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ची, १९७३ च्या अखेरची. ब्रुफर्डच्या लग्नाच्या समारंभात क्रिम्झनचा तालवादक जेमी म्यूर याच्याशी बोलताना अँडरसनला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राबद्दल कळलं. त्यातल्या एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र अशी शास्त्रांची चार प्रकारांत मांडणी आहे. एवढ्या एका तळटीपेवरून दोन रेकॉर्ड, चार बाजू, चार गाणी, ऐंशी मिनिटं. आपण शाळेत हे शब्द भरभर पाठ करून मोकळे होतो. इंग्लंडच्या लँकेशरमधल्या एका मुलाला त्यातून चार बाजूंचं संगीत दिसलं, हे मला फार हृद्य वाटतं.

अल्बम म्हणून तो सलग जमलेला नाही. दुसरी बाजू रेंगाळते. वेकमनला तो पटला नाही आणि दौऱ्यानंतर तो बाहेर पडला. पण चौथी बाजू, ‘रिच्युअल’, एकटी लावून पाहा. तालवाद्यांच्या गदारोळातून गाणं एका अगदी घरगुती, प्रेमळ सुरावर उतरतं, तिथे माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं.

मी अगदी नवीन आहे. सुरुवात कुठून करू?

‘रेड’पासून नको. पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’पासून, १९७५. कारण यात अवघड काही नाही आणि उथळही काही नाही. सुरुवातीला बराच वेळ नुसते तरंगणारे स्वर, आणि मग डेव्हिड गिलमोरच्या गिटारवरचे चार सूर. पुढचं सगळं त्या चार सुरांतून उगवलंय.

हा अल्बम सिड बॅरेटच्या आठवणीतला आहे. बँड त्याने घडवला आणि मनाच्या आजारामुळे १९६८ मध्ये त्याला त्यातून जावं लागलं. ५ जून १९७५ ला अ‍ॅबी रोड स्टुडिओत काम चालू असताना एक जाडसर, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. कितीतरी वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिड होता. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ अल्बमच्या दोन्ही टोकांना विभागलेलं आहे, आणि अगदी शेवटी, आवाज विरत असताना, रिक राइट कीबोर्डवर सिडच्याच ‘सी एमिली प्ले’ या जुन्या गाण्याची चाल पुसटशी वाजवून जातो. हेडफोन लावल्याशिवाय ती सापडत नाही.

इंग्रजी शब्द पटकन कळत नाहीत. अडेल का?

नाही. कॅमलचा ‘द स्नो गूस’ (१९७५) घ्या, त्यात गाण्याचे शब्दच नाहीत. पॉल गॅलिको यांच्या कथेवरून सुचलेलं हे सलग वाद्यसंगीत आहे. अँड्र्यू लॅटिमरची बासरी आणि गिटार दोन्ही हळव्या आहेत, आणि पहिल्या तुकड्यातलं वातावरण शेवटच्या तुकड्यात परत मिळतं.

किंवा मग इटालियन ऐका! प्रॉगवर इंग्लंडइतकंच प्रेम इटलीने केलं. प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी हा बँड, नाव एका बेकरीवरून घेतलेलं. त्यांच्या १९७२ च्या पहिल्या अल्बममध्ये ‘इम्प्रेसिओनी दि सेत्तेंब्रे’ हे गाणं आहे. त्यात कडवी गायची आहेत, पण ध्रुवपदाला शब्दच नाहीत, तिथे मूग सिंथेसायझर गातो. मला इटालियनचा गंध नाही, तरी सप्टेंबरातली ओली पहाट मला त्यात दिसते.

पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ यादीत का नाही?

तो उत्तमच आहे. पण त्याच्याबद्दल बोलणारे भरपूर आहेत, आणि माझं मन ‘विश यू वेअर हिअर’मध्ये अडकलंय. एमर्सन, लेक अँड पामरचं कौशल्य मला थक्क करतं, पण जवळ घेत नाही. रशचा ‘२११२’ उशिरा ऐकला, तो विशीत ऐकायला हवा होता.

नव्यातलं काही ऐकता का?

पोर्क्युपाइन ट्रीचा ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’, २००७. त्यातलं ‘अ‍ॅनेस्थेटाइझ’ सतरा मिनिटांचं आहे आणि एका घरात, एका स्क्रीनसमोर बधिर होत जाणाऱ्या मुलाबद्दल आहे. माझा भाचा पंधरा वर्षांचा असताना त्याला हे ऐकवलं. त्याने मध्ये एकदाही मोबाइल उचलला नाही. गाणं संपल्यावर इतकंच म्हणाला, ‘मामा, परत लाव.’

आपल्याकडे हे कधी प्रत्यक्ष ऐकायला मिळालं का?

मिळालं. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत एमएमआरडीए मैदानावर आला होता, तेव्हा ‘शाइन ऑन’ मी धुळीत उभं राहून ऐकलं. डिसेंबर २००९ मध्ये पोर्क्युपाइन ट्री पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगोमध्ये वाजवून गेले. आणि एक आठवण मुंबईकरांनी विसरू नये अशी. नोव्हेंबर २००८ च्या अखेरीस जेथ्रो टलचा इअन अँडरसन आणि अनुष्का शंकर यांचा मुंबईत कार्यक्रम ठरला होता. २६ तारखेचा हल्ला झाला आणि तो रद्द झाला. त्यांनी पाठ फिरवली नाही. ५ डिसेंबरला तोच कार्यक्रम हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी केला.

इथले बँडही ऐका. मुंबईच्या कोशिशने २०१३ मध्ये ‘फिरदौस’ हा हिंदी अल्बम एका सलग कल्पनेवर रचला. बंगळुरूचा अगम कर्नाटक संगीत आणि प्रॉग एकत्र आणतो आणि कृतींचा मान ठेवून आणतो.

एलपी, सीडी की मोबाइलवर?

जे हाताशी असेल ते, पण दोन गोष्टी पाळा. गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारं बटण बंद ठेवा आणि दोन गाण्यांच्या मधली शांतता कापू नका. क्रिम्झन, यस, जेथ्रो टल आणि जेंटल जायंटच्या जुन्या फितींवरून पोर्क्युपाइन ट्रीच्या स्टीव्हन विल्सनने नव्याने मिश्रण केलं आहे. मिळाली तर तीही ऐका. ‘क्लोज टू द एज’मध्ये ख्रिस स्क्वायरचा बेस नेमका काय करतोय, ते मला पहिल्यांदा त्यात नीट कळलं.

किती वेळा ऐकल्यावर आवडतं?

तीनदा. पहिल्यांदा गोंधळ होतो, दुसऱ्यांदा दोन-तीन जागा ओळखीच्या वाटतात, तिसऱ्यांदा त्या जागांची तुम्ही वाट पाहायला लागता. ‘स्टारलेस’साठी बारा मिनिटं, तीनदा म्हणजे छत्तीस. रात्री जेवणं उरकल्यावर, दिवा मालवून, हेडफोन लावून. साडेचार मिनिटांनी गाणं संपलंसं वाटेल तेव्हा हात बटणाकडे नेऊ नका.